धावणाऱ्या मुलीच्या मागे कोण उभे आहे?



शाळेच्या क्रीडास्पर्धेत शंभर मीटरची शर्यत जिंकणारी मुलगी प्रत्येक गावात असते. आचऱ्यातही असते. तीच मुलगी लांब उडीतही पहिली येते. तिला प्रमाणपत्र मिळते, स्टीलचा डबा मिळतो, टाळ्या मिळतात. दुसऱ्या वर्षीही तीच जिंकते. मालवणला तालुक्याच्या स्पर्धेला जाऊन येते. मग दहावी होते आणि ती मुलगी मैदानावरून नाहीशी होते. ती कोठे गेली, असे कोणी विचारीत नाही. कणकवलीला नाहीतर मालवणला एसटीने कॉलेजात जाऊ लागली, घरकामाला लागली, लग्न ठरले, एवढेच कानावर येते. पण तिच्या पायांत जो वेग होता तो कोठे गेला? हा प्रश्न आम्हांस सतावतो आणि त्यासाठीच हा लेख आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. शर्यतीचा बार उडाल्यावर मुलगी एकटी धावते हे खरे. पण त्या रेषेपर्यंत ती एकटी पोहोचत नाही. तिच्या मागे घर असावे लागते, शिकविणारा असावा लागतो, पोटाला अन्न असावे लागते आणि पुढे पोटापाण्याची सोय असावी लागते. यांतील एक जरी दुवा तुटला तरी कारकीर्द तेथेच थांबते. हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. ज्या स्त्रिया खरोखर धावल्या, ज्यांनी खरोखर उड्या मारल्या, त्यांच्या आयुष्यांतून हे दिसते. त्यांची ओळख आपल्या मुलींना व्हावी, आणि मुलींपेक्षाही आई-वडिलांना व्हावी, अशी आमची इच्छा आहे.

वांद्र्याची मेरी

मेरी डिसोझा यांचा जन्म १९३१ साली मुंबईतील वांद्रे येथे झाला. लग्नानंतर त्या मेरी डिसोझा सिक्वेरा झाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्या काळी मुलींसाठी आजच्यासारखी धावपट्टी नव्हती, शिबिरे नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या. वेगाने धावणाऱ्या मुलीकडे लोक कौतुकाने पाहत असत, पण त्या धावण्याचे पुढे काय करावयाचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांत मेरी डिसोझा यांनी २०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. या दोघींनी आणखी दोघींच्या साथीने, अशा चौघींनी मिळून, ४ × १०० मीटर रिले शर्यतीतही देशाला रौप्यपदक आणले. रिले म्हणजे एकीने धावून हातातील दांडी दुसरीच्या हाती द्यावयाची, दुसरीने तिसरीच्या. एकीची चूक म्हणजे चौघींची हार. म्हणूनच आम्हांस ही शर्यत फार आवडते. तिच्यात कोणी एकटे मोठे होत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५२ साली, फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिक होते. मेरी डिसोझा यांची निवड झाली. निवड झाली, पण जाण्यासाठी पैसे नव्हते! तेव्हा त्यांच्या मित्रमंडळींनी नाचगाण्याचा आणि पत्त्यांच्या डावांचा कार्यक्रम ठेवून निधी जमविला. आजच्या मुलींना हे खोटे वाटेल, पण देशाच्या वतीने धावावयास निघालेल्या मुलीचा प्रवास असा वर्गणीवर सुरू झाला. हेलसिंकीला मेरी डिसोझा १०० आणि २०० मीटर धावल्या. बंगालच्या नीलिमा घोष याही त्याच स्पर्धेत धावल्या. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया त्या याच दोघी. दोघीही पहिल्याच फेरीत बाद झाल्या. पदक मिळाले नाही, पण वाट पडली.

दोन वर्षांनी, १९५४ साली, फिलिपाइन्समधील मनिला येथे दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या. रिले शर्यतीत क्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा या चौघींनी सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांत भारतीय स्त्रियांना मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. मेरी डिसोझा एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या देशाच्या महिला हॉकी संघातूनही खेळल्या. दोन वेगवेगळ्या खेळांत देशाचा पोशाख अंगावर घालण्याचा मान त्यांनी मिळविला.

या कारकिर्दीची दखल शासनाने केव्हा घेतली? २०१३ साली! त्या वर्षी त्यांना ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. तेव्हा त्यांचे वय ८२ वर्षांचे होते आणि मनिलाच्या सुवर्णपदकाला ५९ वर्षे उलटून गेली होती. पुरस्कार उशिरा का होईना मिळाला याचा आनंद आहे. पण यातून एक धडा घ्यावयास हवा. मुलीला शाबासकी वेळेवर मिळाली पाहिजे. ती सोळा वर्षांची असताना मिळाली पाहिजे, कारण धावणे सोडावे की चालू ठेवावे हे ती तेव्हाच ठरवीत असते.

स्टेफी आणि ४०० मीटर

मनिलाच्या त्या चौघींतील स्टेफी डिसोझा या तर आमच्या सिंधुदुर्गाच्या शेजारच्या, गोव्यात १९३६ साली जन्मलेल्या. मनिलाला धावल्या तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. म्हणजे आमच्याकडे ज्या वयात मुलीची धाव थांबते, त्या वयात त्यांची सुरू झाली. १९५८ साली टोकियो येथील आशियाई स्पर्धांत त्यांनी २०० मीटरमध्ये रौप्यपदक आणि रिलेमध्ये कांस्यपदक मिळविले. १९६३ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानी खेळांत हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

१९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्या ४०० मीटर धावल्या. स्त्रियांसाठी ४०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवण्यात आली होती. तोवर स्त्रियांना एवढे अंतर वेगाने धावणे झेपणार नाही, असा मोठमोठ्या देशांतील पुरुषांचा समज होता. झेपते की नाही, हे स्त्रियांना विचारण्याची गरज त्यांना भासली नव्हती. आमच्या भगिनींना हा अनुभव नवा नाही.

स्टेफी डिसोझा याही हॉकी खेळत. त्यांच्या कारकिर्दीचा एक भक्कम आधार म्हणजे रेल्वेची नोकरी. खेळाडूला नोकरी असली म्हणजे सराव हा घरच्या माणसांच्या डोळ्यांत 'रिकामपणाचा उद्योग' राहत नाही. पगार घरात येऊ लागला की टोमणे आपोआप बंद होतात. आपल्या देशात रेल्वेने आणि पोलीस दलांनी अनेक गरीब घरांतील मुलींना अशी भाकरी दिली आहे. ही गोष्ट आई-वडिलांनी ध्यानात ठेवावी.

धाव आणि उडी या सख्ख्या बहिणी

गावातील जी मुलगी धावण्यात पहिली तीच लांब उडीतही पहिली, असे का होते? कारण लांब उडी म्हणजे मुळात धावच. उडी मारणारी मुलगी तीस-पस्तीस मीटर पळत येते, वीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर एक पाय आपटते आणि वाळूत जाऊन पडते. हवेत ती किती लांब जाईल हे बरेचसे तिच्या पळण्याच्या वेगावर ठरते. वेग नसेल तर नुसती उंच उसळी मारून अंतर मिळत नाही.

पण वेग असूनही अनेक मुली मागे पडतात, त्याची कारणे तीन. पहिले, पावले मोजलेली नसतात. फळीच्या पुढे पायाचे टोक गेले की उडी बाद, आणि फळीच्या मागूनच उडाले तर तेवढे अंतर फुकट. म्हणून जाणत्या खेळाडू धाव कोठून सुरू करावयाची तेथे खूण करून ठेवतात आणि दरवेळी तितक्याच पावलांत फळीवर येतात. दुसरे, फळी जवळ आली की भीतीने वेग कमी होतो. तिसरे, पडताना हात मागे टेकतो. अंतर मोजतात ते वाळूतील सर्वांत मागच्या खुणेपासून. पाय पाच मीटरवर पडले आणि हात साडेचार मीटरवर टेकला तर उडी साडेचार मीटरचीच धरतात! या तिन्ही गोष्टी शिकवून येणाऱ्या आहेत. त्यांना पैसा लागत नाही, मोजपट्टी आणि धीर लागतो.

ज्यांनी धाव आणि उडी दोन्ही गाजविल्या अशा स्त्रियांत हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९४३ साली त्यांनी ६.२५ मीटर लांब उडी मारून जागतिक विक्रम केला. १९४८ साली लंडनचे ऑलिंपिक आले तेव्हा त्या तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आई होत्या. वय झाले, आता घरी बसून मुले सांभाळावीत, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांनी उत्तर तोंडाने दिले नाही. १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि रिले अशी चार सुवर्णपदके घेऊन त्या घरी परतल्या. स्त्रियांची लांब उडी ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आली, पण त्यांनी तीत भाग घेतला नाही. ज्या उडीला सुवर्णपदक मिळाले ती त्यांच्या विक्रमापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक कमी होती! मुले झाली म्हणजे स्त्रीचे शरीर संपले, असे मानणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावे.

मर्सी कुट्टन: उडीकडून धावेकडे

आपल्या देशातील उदाहरण द्यावयाचे तर केरळच्या मर्सी मॅथ्यूज यांचे द्यावे लागेल. लांब उडीत सहा मीटरची रेषा ओलांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत त्यांनी लांब उडीचे रौप्यपदक जिंकले. पुढे ४०० मीटरचे धावपटू मुरली कुट्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मर्सी कुट्टन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

आमच्याकडे विवाह म्हणजे मुलीच्या खेळाचा शेवट, असे गृहीत धरलेले असते. येथे उलटे घडले. पतीच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लांब उडी सोडून ४०० मीटरची शर्यत धरली आणि १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये त्या ही शर्यत धावल्या. १९८९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१० साली पतीचे निधन झाले, पण त्यांनी मैदान सोडले नाही. कोची येथे स्वतःच्या नावाची अकादमी चालवून त्यांनी पुढच्या पिढीतील मुलींना धावावयास शिकविले.

सहा मीटरची वाट एकदा मोकळी झाल्यावर पुढे केरळच्याच अंजू बॉबी जॉर्ज आल्या. २००३ साली पॅरिस येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ६.७० मीटर उडी मारून कांस्यपदक मिळविले. मैदानी खेळांच्या जागतिक स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६.८३ मीटर उडी मारली. तो राष्ट्रीय विक्रम वीस वर्षे उलटली तरी टिकून राहिला. त्यांचे मार्गदर्शकही त्यांचे पतीच. तेव्हा जावई शोधताना नुसती नोकरी आणि घर पाहू नका, मुलीच्या पायांना मान देणारा आहे की नाही तेही पाहा, असे आम्ही सांगितले तर कोणी रागावू नये.

किनाऱ्यावरची शाळा

आता कोणी म्हणेल, ही मोठ्या शहरांची आणि परराज्यांची उदाहरणे झाली. आचऱ्यात काय आहे? आम्ही म्हणतो, आचऱ्यात समुद्र आहे!

पी. टी. उषा हे नाव ठाऊक नाही असे घर नसेल. त्या केरळमधील पय्योली या समुद्रकाठच्या गावच्या. त्यांचे गुरू ओ. एम. नंबियार यांनी त्यांच्याकडून किनाऱ्याच्या वाळूत कसून सराव करून घेतला. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचे कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. १९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धांत त्यांनी चार सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविले. पय्योलीच्या आणि आचऱ्याच्या वाळूत समुद्र एकच आहे, अरबी समुद्र. फरक वाळूत नाही. फरक आहे तो त्या वाळूवर रोज उभे राहणाऱ्या माणसात.

ओहोटी लागली की आचऱ्याच्या पुळणीवर ओली, घट्ट वाळू उघडी पडते. वेगाने धावण्यासाठी ती उत्तम. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पायांना बळ देते, पण तीत फार वेळ धावल्यास पोटऱ्या आणि टाचा दुखावतात. तेव्हा प्रथम थोडे, मग अधिक. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने धावू नये. जाऊन परत यावे, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार पडतो. शिंपले, काचा, जाळ्यांचे तुकडे आधी वेचून घ्यावेत. लांब उडीसाठी वाळू फावड्याने गुडघाभर खणून मोकळी करावी. घट्ट ओल्या वाळूत उडी मारू नये, त्याने गुडघा आणि पाठ जायबंदी होते. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो. तेव्हा किनाऱ्याचे नाव काढू नये. शाळेच्या पडवीत दोरीवरच्या उड्या, पायऱ्या चढणे, बैठका हा सराव पुरेसा होतो.

तरीही आई-वडिलांचा प्रश्न उरतोच. या किनारपट्टीवर मुलींच्या खेळाचा विषय काढला की हमखास ऐकू येते, "चेडू पळान पळान खय जातला?" आणि त्याच्या मागोमाग, "लोक काय म्हणतले?"

लोकांचे आम्ही सांगतो. आचऱ्याची गावपळण साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. तीन-चार वर्षांनी एकदा सारा गाव, मुलेबाळे, म्हातारीकोतारी, गुरेढोरे, कोंबड्या घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहतो. चुली बाहेर पेटतात, राहुट्या पडतात आणि सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. ज्या गावाला सगळ्यांनी मिळून घराबाहेर पडणे जमते, त्या गावाला आपल्या पाच मुलींना रोज संध्याकाळी एक तास घराबाहेर सोडणे जमू नये? पाच जणींनी एकत्र जावे, पाळीपाळीने एका आईने किंवा वडीलधाऱ्या भगिनीने सोबत बसावे. मुलगी एकटी असते तेव्हा लोक बोलतात. पाच जणी आणि एक आई असली की तेच लोक बघावयास येतात.

घरातील माता-भगिनींसाठी

सरावाइतकेच महत्त्व पोटाला आहे. यासाठी डब्यातील महागड्या पावडरी आणू नयेत. नाचणीची भाकरी किंवा आंबील, कुळथाची पिठी, मिळतील तेव्हा बांगडे आणि तारली, अंडे, केळे, शेंगदाणे, हिरवी भाजी हे आमच्या किनाऱ्याचे अन्न धावणाऱ्या मुलीस पुरते. नाचणीतून हाडांना चुना मिळतो, कुळथातून आणि मासळीतून स्नायूंना बळ मिळते. अट एकच. मुलाच्या ताटात जेवढा मासा पडतो तेवढा मुलीच्याही ताटात पडला पाहिजे. आणि सर्वांच्या जेवणानंतर उरलेले खाऊन मुलीला वेगाने धावता येत नाही, हेही स्पष्टच सांगावयास हवे.

दुसरी गोष्ट रक्ताची. वाढत्या वयाच्या पुष्कळ मुलींच्या अंगात लोह कमी असते. मुलगी लवकर दमते, धाप लागते, चक्कर येते, आणि घरचे म्हणतात तिच्यात दमच नाही! आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. शाळेतून आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या दप्तरात पडून राहू नयेत.

तिसरी गोष्ट पाळीची. त्या दिवसांत धावू नये, उडी मारू नये, असे अनेक घरांत सांगतात. याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, बरे वाटत असेल तर धावावे. उलट, सराव फार आणि खाणे कमी असे झाले तर पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात. अशा वेळी लाजून गप्प न बसता डॉक्टरांस दाखवावे. या गोष्टी आईने मुलीशी मोकळेपणाने बोलाव्यात. आई बोलली नाही तर मुलगी मैदान सोडते आणि कारण कोणालाच सांगत नाही.

पुढची पायरी

शाळेच्या स्पर्धांची शिडी अशी असते: मालवणला तालुका, ओरोसला जिल्हा, त्यानंतर कोल्हापूर विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयाचे गट असतात. येथे एक गोष्ट पालकांनी नीट पाहावी. १९ वर्षांखालील गट म्हणजे अकरावी-बारावीच्या मुली. दहावी झाली म्हणजे शिडी संपली, हा समज चुकीचा आहे. ज्या गटात मुलींची संख्या रोडावते त्याच गटात टिकून राहणाऱ्या मुलीला पुढे जाण्यास अधिक वाव असतो.

जन्माचा दाखला, शाळेचे ओळखपत्र आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र एका पिशवीत जपून ठेवावे. हेच कागद पुढे भाकरी देतात. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण मिळण्याची सोय शासनाने केली आहे. राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. रेल्वे, पोलीस, सैन्यदले येथेही खेळाडूंची भरती होते. प्रमाणपत्र ओल्या भिंतीला लावून सडविले तर हे सारे हातचे जाते.

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या ललिता बाबर यांचे उदाहरण पाहा. त्या लांब पल्ल्याच्या धावपटू. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषा धावल्या त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय स्त्री ती हीच शेतकऱ्याची मुलगी. पुढे शासनाने त्यांना महसूल खात्यात अधिकारीपदावर घेतले. "चेडू पळान पळान खय जातला?" या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे.

पण सर्वच मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. शंभरांतील नव्व्याण्णव जाणार नाहीत. तरीही त्यांचे धावणे वाया जाणार नाही. ज्या मुलीने रोज पहाटे उठून स्वतःची वेळ घड्याळावर पाहिली आहे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट बांधले आहेत, परगावी जाऊन अनोळखी मुलींशी सामना केला आहे, ती उद्या नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्यात, ग्रामसभेत खाली मान घालून बसणार नाही. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, हे तिला पुस्तकातून शिकवावे लागणार नाही. तिच्या पायांनी ते तिला आधीच शिकविलेले असेल.

म्हणून आमची आचऱ्याच्या आणि साऱ्या किनारपट्टीच्या वाचकांस एक विनंती आहे. या वर्षी आपल्या शाळेच्या स्पर्धेत जी मुलगी पहिली येईल तिचे नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी ती मैदानावर दिसते का ते पाहा. दिसली नाही तर तिच्या घरी जा. तिच्या आईजवळ बसा, चहा घ्या आणि विचारा, पोर धावत का नाही? पैशांची अडचण असेल तर वर्गणी काढा. मेरी डिसोझा यांच्या मित्रमंडळींनी तेच केले होते. सोबतीची अडचण असेल तर सोबत द्या. लोकांच्या बोलण्याची अडचण असेल तर ते लोक म्हणजे आपणच आहोत. आपण बोलावयाचे थांबवू या.